रुमालाखाली

वरणगावच्या बैलबाजारात आमचे अण्णा दलाल.
रुमाल पसरायचा, खाली दोन हात,
एक बोट धरलं की एक, पंजा धरला की पाच.
हजार की शंभर, ते बैलाकडे बघून समजायचं.
तोंडानं फक्त पाऊसपाण्याच्या गोष्टी.
भाव कळायचा दोघांना. बाजाराला नाही.

मी फैजपूरच्या कॉलेजात संगणक सांभाळतो.
संशोधनवाले बावीस, मोठं यंत्र एकच.
बाहेर केळीला बेचाळीस अंश, काचखोलीत अठरा.
पूर्वी यंत्राच्या रात्री फेगडे सर वाटायचे,
ज्याचा आवाज मोठा त्याची रात्र.
आता प्रत्येकाला महिन्याला शंभर चिंचोके
(हे नाव मी पाडलं, कागदावर 'गुणांक' आहे)
आणि दर सोमवारी बंद बोली.

बोली निघतानाच कुलपात जाते.
कुलपं न उघडताच एकमेकांशी तोलली जातात.
कशी, ते प्रणिता झोपेनं मला दोनदा समजावलं,
दोनदा मी मान हलवली.
मोठी बोली जिंकते,
पण भरते दुसऱ्या नंबरची किंमत.
म्हणजे कमी बोलून अंदाज घ्यायला नको,
जेवढी गरज तेवढी सांगावी.
सांगितलेलं कुणालाच कळत नाही. मलाही.

अण्णा बराच वेळ सुपारी कातरत राहिले.
"मंग दलाल कोन हाये त्यात?"
कुणीच नाही, म्हटलं.
"अन् हात?"

खूप उशिरा, दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं म्हणाले:
रावेरकडचा एक जण, खिल्लारी जोडी घेऊन आलेला,
रुमालाखाली त्याची बोटं थरथरत होती.
"म्या ओयखलं.
अन् दोन बोटं कमी धरली."

या सोमवारी पडद्यावर एवढंच:
शुक्रवारची रात्र. क्रमांक चार. वजा एकतीस.
चार कोण, हे यंत्रालाही माहीत नाही.

शुक्रवारी दोनच्या सुमारास फेरी मारली.
काचखोलीच्या दाराशी निळ्या पट्ट्यांच्या चपला,
एका पट्ट्याला सेफ्टी पिन.
नजमा तडवी.
सातपुड्याच्या पायथ्याची नऊ हजार केळीपानं,
त्यांवरचा करपा ती यंत्राला ओळखायला शिकवते.
भरले एकतीस. लावले किती असतील?
शंभरच्या शंभर?

झाकली मूठ सव्वा लाखाची, खरंय.
पायांचं काय?

चपला उचलल्या,
आत नेऊन बॅटऱ्यांच्या मागे ठेवल्या.
तिनं मान वर केली नाही.
सकाळी शोधेल जरा.