माया

नाताळच्या जेवणाला लोरेटा आत्या सांगते:
पणजोबांनी एका जनरलचा कोट शिवला होता.
दरवर्षी जनरलच्या छातीवर
एखादं पदक वाढतं.

मापांच्या वहीत जनरल नाही.
वही माझ्याकडे आहे, कडा उंदरांनी खाल्लेली.
तिच्यात रेल्वेचा गार्ड आहे, कंबर अडतीस,
डावा खांदा अर्धा इंच खाली,
आणि शेजारी बारीक अक्षरात: त्याला सांगू नये.
पिंपं बनवणारा रोडे आहे,
तीन विजारींची उधारी
डुकराच्या एका मांडीवर फिटलेली.

डेटलेफ पाउस्टियान, होल्स्टाइनमधल्या प्लोनचा.
प्रशियाच्या पलटणीचे गणवेश शिवायचा;
एक दिवस त्याच गणवेशासाठी
त्याचंच माप घ्यायला माणूस आला,
तेव्हा निघाला म्हणतात.
बोटीच्या यादीत एवढंच: शिंपी, वय बावीस, एक पेटी.

पेटीत इस्त्री होती. सात किलोंची.
अख्खा अटलांटिक ओलांडून लोखंड वाहून आणलं,
डॅव्हेनपोर्टला उतरला,
तर धक्क्यासमोरच्या दुकानात
तसल्याच इस्त्र्या ओळीने मांडलेल्या, स्वस्त.

मिसिसिपीच्या काठी तेव्हा
भांडणं जुन्या भाषेत व्हायची, पावही तिच्यातच मागायचे.
अठरा सालच्या मे महिन्यात राज्यपालांचा हुकूम निघाला:
रस्त्यात इंग्रजी, शाळेत इंग्रजी,
देवळात, टेलिफोनवरसुद्धा.
विब्के पणजीला इंग्रजीतले आकडे येत
आणि ‘उद्या मिळेल’.
रविवारी ती बहिणीला फोन लावायची
आणि नुसती श्वास घेत राहायची.
पलीकडे मेटा श्वास घ्यायची.
पाच मिनिटांनी दोघी ठेवून द्यायच्या.

मुलगा क्लाउस तेव्हा फ्रान्समध्ये,
अंगावर अमेरिकेचा गणवेश,
बापाने रजेत उसवून पुन्हा शिवलेला,
सरकारी काखा काचत होत्या म्हणून.
इकडे रात्रीतून कुणी दुकानाच्या काचेला पिवळा रंग फासला.
पणजोबांनी तो पात्याने खरवडला,
त्याच्याबरोबर ‘श्नायडर’ हा शब्दही निघून आला.
मग तिथे ‘टेलर’ रंगवून घेतलं.
अर्थ तोच, शिंपी.
रंगाऱ्याने पैसे मात्र अक्षरांवर घेतले.

वहीही त्या महिन्यापासून इंग्रजीत आहे,
अक्षर ताठ, शाळकरी पोरासारखं.
फक्त ‘त्याला सांगू नये’
शेवटपर्यंत जुन्या भाषेत.

आणि जुलैतली ही नोंद:
क्लाउस. आल्यावर सूट. निळा सर्ज.
छाती छत्तीस, जुन्या मापाने.
माया दोन इंच सोडावी, पोरगा तिकडे भरेल.

आजोबा आले ते छाती तेहतीस घेऊन,
वायूने फुप्फुसं जाळलेली.
लग्नात तो सूट घातला, पाठीमागून टाचण्या लावून.
कुणी सांगितलं नाही, म्हणून मापाने कापायला
शिंप्याने हात लावला नाही.

पुढे माझ्या बापाने तो कोट गोदीवर घातला,
मग आईने त्यात कुत्र्याची पिल्लं झोपवली.
आता तो माझ्या मांडीवर आहे.
मला बटणही धड लावता येत नाही,
पण मागच्या रविवारी ब्लेड घेऊन
कुशीची शिवण उसवली.
बाहेरून कोट राखेच्या रंगाचा झालाय.
आत, दुमडलेल्या त्या दोन इंचांत,
सर्ज अजून निळा आहे,
इतका, की मी दिवा जवळ ओढला.
एकशे काही वर्षं ऊन नाही लागलं त्याला,
आणि कुणाची छातीही नाही.

ती शिवण परत कशी घालायची, कळत नाहीये.
सध्या दोन टाचण्या लावून ठेवल्यात.

डिसेंबरमध्ये आत्या विचारेल,
वहीत जनरल सापडला का?
तिला ब्याण्णवावं लागलंय.
सापडला म्हणेन, छाती बेचाळीस.
आणि समासात, पेन्सिलीने,
मला न येणाऱ्या त्या भाषेतली ओळ
वरून बघून उतरवेन.