पुंगळ्या

दिवा मालवावा लागतो.
उजेडात पितळ आपला रंग सांगत नाही.
आई म्हणायची, सरपणाच्या खोलीत कर हे काम,
खिडकीला घोंगडी लाव,
आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत
कुणाशी बोलू नकोस.

बोलायला आहे कोण?
तुइस्कु दाराशी पडलाय, चौदा वर्षांचा,
एका कानाने ठार बहिरा,
दुसऱ्याने मर्जीनुसार.

डब्यात त्रेचाळीस पुंगळ्या.
झाकणावर आईचं अक्षर, पेन्सिलीचं:
साडेसहा मिलिमीटर,
आणि खाली उभ्या रेघा. एका फेरीला एक.
सहा पूर्ण आहेत. सातवी अर्धी.
टोक मोडलं असेल,
किंवा कुणी कॉफीला हाक मारली असेल.

बार उडतो, गळा फुगतो.
साच्यात घालून आवळायचा.
पुन्हा फुगतो, पुन्हा आवळायचा.
असं करत करत पितळ निबर होतं,
हिवाळ्याच्या शेवटी राईच्या भाकरीची कड होते तसं,
आणि एक दिवस ओठापासून खांद्यापर्यंत
केसाएवढी चीर.
चीर पडायच्या आत आच द्यायची.
एवढंच आहे हे सगळं.

ड्रिलच्या तोंडात नळी, नळीत पुंगळी.
निळ्या ज्योतीचं टोक गळ्यावर.
युक्सी, काक्सी, कोल्मे...
सहाला काहीतरी दिसतं,
दिसलं की भास झाला, इतकंच लाल.
तिथेच थांबायचं.
ओल्या टॉवेलवर पडताना ती चुर्र म्हणते
आणि खांद्याभोवती जांभळा पट्टा उमटतो,
आईच्या मनगटावर घड्याळाचा असायचा तेवढा.

"गळा मऊ, बूड कडक.
उलटं झालं तर मला सांगायला येऊ नकोस,
सांगायला तोंडच उरणार नाही."
शिकारटोळीतले पुरुष तिला आधी कॉफीवाली म्हणायचे.
मग काहीच म्हणेनासे झाले.
मग तिच्या मागून चालायला लागले.

नववीच्या वेळी मी मोजायला विसरले.
पुंगळी नारिंगी झाली, रोवानच्या फळासारखी,
सुंदर, आणि वाया गेलेली.
पकडीत धरली तर साध्या दाबाने चेपली.
मी ती चेपतच राहिले,
पार चपटी होईपर्यंत.

शनिवारी टोळी निघणार आहे दलदलीपलीकडे.
एइनारीने यादी चिकटवलीय दुकानाच्या दारावर.
आईच्या जागी माझं नाव,
पुढे प्रश्नचिन्ह.
त्याला वाटलं असेल, मला दिसणार नाही.

सतरावीला चीर आधीच होती.
ही मला ओळखीची वाटली.
शिकारीनंतर आई एक रिकामी पुंगळी खालच्या ओठाला लावायची
आणि फुंकायची,
बारीक, लांब, वरच्या वर जाणारी शीळ.
दीड किलोमीटरवरून कुत्रा धावत यायचा,
आधीचा, त्याच्या आधीचा, हा.
मी सतरावी फुंकून पाहिली.
नुसता वारा. चीर सगळं घालवते.

मग अठरावी उचलली, टॉवेलवरची,
अजून कोमट होती. ओठाला लावली.
शीळ झाली, पण आईची नव्हती,
थोडी खालच्या सुराची, घाबरलेली.
तुइस्कुने डोकं वर केलं.
माझ्याकडे पाहिलं नाही.
खुंटीवर तिचा कोट आहे, तिकडे पाहिलं,
आणि पुन्हा पंजांवर हनुवटी ठेवली.
ऐकू आलं, की पितळाचा वास आला,
मला कळलं नाही.

उरलेल्या सगळ्या केल्या. घोंगडी काढली.
बाहेर अजून उजेड होता, पाचच वाजले होते,
मला वाटलं होतं, रात्र झाली.

एक्केचाळीस.
झाकणावरची सातवी रेघ पुरी करावी
की शेजारी आठवी ओढावी, ठरेना.
पेन्सिल कानामागे खोचली
आणि लाकडं आणायला गेले.
रात्री सौनात बसल्यावर
केसांत काहीतरी कडक हाताला लागलं.