एकशे बारावं आवर्तन

चार मिनिटांचं संगीत हवं होतं, पुलाच्या उद्घाटनाला.
मंत्र्याची गाडी थांबते तिथपासून फितीपर्यंत
स्वतः पावलं मोजून आस्लाउगबाईंनी ते लिहिलं,
हिवाळाभर, चर्चमागच्या खोलीत,
बोटं कापलेले हातमोजे घालून.

माझ्या वाट्याला ट्रँगल.
एकच ठोका, एकशे बाराव्या आवर्तनात.
तोवर नुसतं मोजत उभं राहायचं.

मंत्री निघाला लांब ढांगांचा.
पितळी वाद्यं अजून श्वास जुळवत होती
तेवढ्यात कात्री चालली, टाळ्या झाल्या,
आणि सगळं गाव, पोरंबाळं, कुत्री, बाबागाड्या,
वाऱ्यात टोप्या धरून पलीकडे निघालं.

संचालकाने हात न थांबवता आमच्याकडे पाहिलं: आटपू या?
चेलोवाली तुरिडा मान हलवून नाही म्हणाली.
मीही मोजत राहिलो. एकोणऐंशी. ऐंशी.

खाली धक्क्याला फेरीबोट बांधलेली.
तिचा तांडेल, म्हातारा सिग्वाल्ड,
दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसून
थर्मासमधली कॉफी टोपणात ओतत होता.
एकोणतीस वर्षांत आज पहिल्यांदाच
त्याच्यासाठी कुणी खोळंबलं नव्हतं.

एकशे अकरा.
बासरी थांबली. फियॉर्डवरचा वाराही पडला, असं म्हणालो असतो,
पण कापलेली फीत फडफडतच होती.

मी ठोका दिला.

तांडेलाने टोपण खाली ठेवलं,
घड्याळात पाहिलं,
आणि सवयीने उठून
दोर सोडायला लागला.