धार

सोमवारची पेटी बुधवारी आली.
पुंता अरेनासला वारा उठला की
विमानं घिरट्या घालतात आणि सान्तियागोला परततात.
पेटीतलं मोलिब्डेनम वाऱ्यासाठी थांबत नाही.
सहासष्ट तासांत निम्मं.
कुठल्या अणूची पाळी आत्ता, कुठल्याची चार दिवसांनी,
कुणालाच ठाऊक नसतं, त्या अणूलाही नाही.

आम्ही पेटीला गाय म्हणतो.
सकाळी सहाला, शिशाच्या भिंतीआडून
एका बाजूला मिठाच्या पाण्याची कुपी लावते मी,
दुसऱ्या बाजूला हवा काढून घेतलेली.
पोकळी ओढते. पाणी आतून झिरपतं
आणि सोबत घेऊन येतं मोलिब्डेनमची लेक,
टेक्नेशियम, आईपेक्षा चंचल, सहा तासांत निम्मी.
रंग नाही, वास नाही, साय धरत नाही.
मापात ठेवलं तेव्हा कळलं:
आज गाय आटलेली.

एलेउतेरियो मान्सिया, वय चौऱ्याहत्तर,
उभी हयात मेंढ्या भादरण्यात गेली.
सुईसाठी बाही वर केली आणि विचारलं,
"यास्ना, हे दूध येतं कुठून?"
म्हटलं, युरेनियमचा गाभा फोडतात,
एक न्यूट्रॉन पुरतो. दोन तुकडे होतात, सारखे कधीच नाहीत,
त्यातला एखादा हा.
"म्हणजे ज्यानं शहरं जाळली, तेच?"
तेच. चुलीतला विस्तव आणि वणव्यातला,
जात एकच.

मग अर्धायुष्य सांगितलं.
ते त्याला माझ्याआधी समजलेलं होतं.
"बर्फाच्या रात्री निम्मा कळप जायचा.
कुठल्या मेंढ्या, ते सकाळी उकरल्यावर."
थोडं थांबून म्हणाला,
"माझंही निम्मं कधीतरी झालंच असेल.
त्या दिवशी मी काय करत होतो कोण जाणे."

तीन तासांनी तो टेबलावर.
एक्स-रेचा उजेड बाहेरून येतो, हाडं त्याला अडवतात.
इथं उजेड हाडांतूनच निघतो,
कॅमेरा नुसता टिपत बसतो.
एक गॅमा, एक ठिपका.
ठिपक्या-ठिपक्यानं बरगड्या आल्या,
खांदे आले, कातरीनं झिजलेलं उजवं मनगट आलं.
दूध पातळ, म्हणून वीस मिनिटं जास्त.
"हलू नका."
"मेंढीला मी हेच सांगायचो," तो म्हणाला,
आणि खरंच हलला नाही.

कमरेच्या तिसऱ्या मणक्यात उजेड जास्त होता.

या एका खोलीत मी अंधार मागते.
जिथं हाड झुंजत असतं तिथंच दूध जास्त जमतं;
कशाशी झुंजतंय, ते कॅमेरा सांगत नाही
आणि ते सांगणं माझ्याकडे नाही.
मी पडदा जरा माझ्याकडे वळवला.

बूट घालताना त्यानं विचारलं,
"रात्री नातीला मांडीवर घेऊ?"
आज नको. पाणी प्या भरपूर.
दुपारी निम्मं होईल, रात्री पाव,
उद्या नऊला सोळावा हिस्सा. मग घ्या.
"आणि संपतं कधी?"
हिशेबात कधीच नाही, म्हटलं.
पण शेवटचा अणू असतोच एक,
तोही जातो.

टोपी हातानं दाबून तो वाऱ्यात शिरला.
खिडकीतून वळणापर्यंत दिसत होता.
मी आत आले, हातमोजे टाकले,
वहीत उद्याची नावं लिहिली: चार.
गाय तिघांपुरती.