नववं घर

टोलीडोत फेब्रुवारी म्हणजे
पार्किंगमधला बर्फ काळा पडलेला
आणि आयडेलाच्या क्लबात
कोट टांगायला खुंटी नाही.
पूर्वी इथे टायर बदलायचे.
जमिनीतला तो खड्डा अजून आहे,
वर फळ्या ठोकल्यात, तेच आमचं स्टेज.
माझ्या डबल बेसचं टोक
मी दर गुरुवारी त्याच एका भोकात रोवते.

आज डावीकडे ओझेल प्रूइट.
वय एकाहत्तर, त्यातली तेहेतीस वर्षं
कारखान्यात जीपला दरवाजे बसवण्यात गेली.
उजवीकडे कॅझ वोयचिक, दिवसा चष्मे विकतो
आणि वाजवताना स्वतःचा काढून ठेवतो.
सहा वर्षं दोघांत बोलणं नाही.
ओझेलचा भाऊ गेला तेव्हा चर्चमध्ये
कॅझने साध्या भजनात इतके सूर कोंबले
की ओझेल पुढच्या बाकावरून उठून म्हणाला,
माझा भाऊ साधा माणूस होता.
एवढंच. तेव्हापासून बंद.
आयडेला म्हणते, चुकून एकाच तारखेला बोलावलं.
आयडेलाची चूक मी अजून पाहिलेली नाही.

ब्लूज म्हणजे बारा घरांची गल्ली.
प्रत्येक दारावर चार टकटक,
मग पुढचं दार.
ओझेल गल्लीतून चालतो
कारखान्यातून घरी येणाऱ्या माणसासारखा,
हातात डबा,
कुठल्या पायरीला तडा गेलाय ते पायाला ठाऊक.
कॅझ मागच्या अंगणातून शिरतो,
कुंपणावरून उडी,
कुणाच्या स्वयंपाकघरातून आरपार,
आणि बाराव्या दाराशी वेळेवर हजर,
श्वास न लागलेला.
लोक टाळ्या वाजवतात.
ओझेल भिंतीकडे बघतो.

मी मधे. माझं काम टकटक.
ड्रमवर लमार, त्याची बायको नवव्या महिन्यात,
त्याचा फोन ड्रमवर उताणा ठेवलेला,
त्यामुळे आज तो जरा पुढे पळतोय
आणि मी त्याला मागे ओढतेय,
बैल उधळल्यावर ओढावं तसं.

अकरा वाजून गेले होते.
मंद चाल, ओझेल गात होता,
डोळे मिटलेले,
नवव्या घराच्या उंबऱ्यावर आला
(तिथेच सगळा जीव अडकलेला असतो)
आणि त्याची सगळ्यात बारीक तार तुटली.
आवाज म्हणाल तर
वाळकी शेंग फुटावी एवढा.
ओझेलची बोटं त्या सुरावर गेली.
तिथे काहीच नव्हतं.

तो सूर उजवीकडून आला.

एकच. साधा. जरासा वर ओढलेला,
ओझेल ओढतो तसाच, थोडा उशिरा,
लंगडत.
ज्याला सगळी कुंपणं पाठ
तो दारातून आला होता.
पुढची सात आवर्तनं
ओझेल पाच तारांवर वाजवत राहिला
आणि जिथे जिथे सहावी हवी होती
तिथे कॅझ होता,
इतर वेळी हात मांडीवर.
लमार पळायचा थांबला.
बारपाशी कुणीतरी ग्लासात बर्फ टाकला
आणि ओशाळून चमच्याने अलगद बाहेर काढला.

मग शेवटच्या फेरीत ओझेलने
त्या गल्लीत नसलेलं एक घर दाखवलं.
मी चाळीस वर्षं नाही, पण चौदा वर्षं
त्याच्या शेजारी उभी आहे, ते घर
मी कधी पाहिलं नव्हतं.
कुठून शिकला, देव जाणे.
चर्चच्या बाकावरून, बहुतेक.

दीड वाजता अठ्ठ्याऐंशी डॉलर, चार वाटण्या.
लमार न घेताच पळाला.
ओझेल गिटार पुसत होता.
कुठल्या नंबरची तार लावतोस, त्याने विचारलं
गिटारलाच विचारल्यासारखं.
दहा, कॅझ म्हणाला.
पातळ आहे.
माहितीये.
कॅझने पेटीतून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं.
ओझेलने ते लगेच उचललं नाही.
आधी टोपी घातली, मग मफलर, मग हातमोजे,
आणि हातमोज्यांनी पाकीट उचलता येईना.

मला पाचला शाळेची बस काढायची होती,
त्यामुळे पुढचं ठाऊक नाही.
तुटलेली तार आयडेलाने
बाथरूमच्या कडीला गुंडाळली.
ती कडी ख्रिसमसपासून लागत नव्हती.