अंदाजे पासष्ट

चालानावर वेगाच्या रकान्यात पासष्ट,
त्याच्या आधी निळ्या शाईत, घाईनं:
'अंदाजे'.

तेवढा एक शब्द खिशात घालून
मी दारव्ह्याच्या कोर्टात गेलो.
पैसे भर अन् मोकळा हो बापा,
बायको म्हणाली, रफीक मेकॅनिक म्हणाला,
कोर्टाबाहेरचा टायपिंगवालासुद्धा
माझाच अर्ज बडवता बडवता म्हणाला.
पण मी डोमाजी काळबांडे, बाजार समितीत
एकतीस वर्षं मापारी.
काट्याची दांडी थरथरायची थांबल्याशिवाय
तोंडातून आकडा काढला नाही कधी.

गाडी एम-एटी, अठ्ठ्याण्णवची.
मागे ढेपीचं पोतं, पन्नास किलो, हे वजन पक्कं.
हँडलला नातवाचं दप्तर.
शाळेजवळचा तो उतार,
अन् बाभळीच्या सावलीत उभा शिपाई,
हातात यंत्र नाही,
भुईमुगाच्या शेंगा.

"वेग कसा मोजला?" साहेबांनी विचारलं.
"नजरेनं साहेब. यंत्र दुरुस्तीले गेलं होतं.
सहा वर्षं झाले, रोडवरच आहो.
गाडीच्या आवाजावरून समजते."

याच वाक्याची मी वाट पाहत होतो.
परवानगी घेतली, पिशवीतून पुडकं काढलं:
सरकी, घरून मोजून आणलेली,
वर चिठ्ठी घडी घालून, टाचणी लावून.
"हे उचला, अन् नजरेनं सांगा किती."

त्यानं नजर लावलीच नाही.
तळहातावर घेतलं, दोनदा झुलवलं,
जसं बाईच्या कडेवरून लेकरू घ्यावं तसं.
"साडेसातशे ग्रॅमच्या आतबाहेर."

चिठ्ठी साहेबांनी उघडली.
सातशे चाळीस.
मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं.
माझा डाव माझ्याच अंगावर, भर कोर्टात.

"एवढं नेमकं कसं?" साहेबांनाच राहवलं नाही.
"घरी कापूस होता साहेब.
बाजारात न्यायच्या आधी बाबा अन् मी
गाठोडं गाठोडं हातानं तोलून पाहत होतो.
काट्यावर बरोबरच भरे.
पट्टीवर कमी होऊन जाये."

माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.
मी त्याच्या छातीवरची पाटी वाचली, पहिल्यांदा:
मडावी.
कवडू मडावी. डोक्याला लाल दुपट्टा,
बैलबंडी नेहमी रांगेच्या शेवटी,
बोलणं कमी.
त्याच्या कापसात मी कोपरापर्यंत हात घालायचो,
मुठीत दाबायचो, म्हणायचो, ओल आहे.
क्विंटलमागे दोन किलो कडता.
ओल मोजायचं यंत्र समितीच्या कपाटात होतं,
किल्ली सचिवाकडे,
सचिव लग्नाला.
दांडी थरथरायची थांबे, आकडा खराच निघे.
कडता मी नंतर सांगायचो,
पेन्सिलीनं.

साहेबांनी चालान रद्द केलं.
यंत्र नाही, दुसरा साक्षीदार नाही,
अंदाजावर दंड बसत नाही, म्हणाले.
मी हात जोडले. जोडलेले हात
कुठे ठेवावे कळेना.

बाहेर कडुनिंबाखाली तो गाडी पुसत होता.
"कवडूजी कसे आहेत?"
"बरे आहेत. सोयाबीन पेरतात आता.
कापूस सोडला."
"त्यांना सांगा..." म्हणालो मी,
अन् काय सांगावं ते आठवेना.
त्यानं फडकं झटकलं, डिक्कीत टाकलं.
"पण काकाजी, गाडी जोरातच होती."

येताना तोच उतार लागला.
शाळा सुटून गेलेली, रस्ता मोकळा,
बाभळीखाली शेंगांची टरफलं.
माझ्या मीटरचा काटा
नातू झाला त्या वर्षीपासून वीसवर अडकलेला आहे,
हे कोर्टात कोणी विचारलं नव्हतं.

मी ब्रेकवरचा पाय उचलला.
शर्ट पाठीमागे फुगला, टोपी गेली,
इंजिनाला कान लावला:
साठ.
नाही, साठच्या थोडी वरच.