तळाला भोक

पहिली मेथी मी बुडवून मारली.
शेवेचा रिकामा डबा, आत काळी माती,
देवगुराडियाच्या शेतातली, एका पेशंटच्या भावाने
स्कूटरवर पिशवीभर आणून दिलेली,
आणि दिवसातून दोनदा पाणी,
नाइटवरून आल्यावर चपला काढायच्याही आधी.
(फोनही दोनदाच. निमिषला पुण्याला जाऊन
तेव्हा महिना झाला होता.)

आठव्या दिवशी वास सुटला.
गेंदाबाईने हातगाडी खाली सोडली, तीन जिने चढली,
डबा आडवा करून बुडावर टिचकी मारली,
आणि माळवीत काहीतरी म्हणाली.
मराठीत आणलं की त्यातलं निम्मं हसू गळतं:
बाई, छेद कुठाय?

मी एक्स-रे काढते.
दिवसाला साठ-सत्तर छात्या.
श्वास घ्या. रोखा. सोडा.
माणसांच्या आत बघण्यात वीस वर्षं गेली,
डब्याखाली एकदा वाकले नाही.

मग खिळा, बत्ता. सहा भोकं.
बिडवईकाका खालून ओरडले, भिंत पाडताय का?
डबा आहे काका.
मग खाली ताटली ठेवा, आमच्या छताला ओल नको.
ठेवली. त्यांचीच, दिवाळीच्या फराळाची,
परत करायची राहून गेलेली.

काळी माती एकटी डब्यात नांदत नाही.
भिजली की पाय धरते, वाळली की फाटते;
शेतात तिला फाटायला जागा असते.
निम्मं शेणखत घातलं, वाळू,
नारळाच्या शेंड्या कात्रीने बारीक करून.

धने लाटण्याखाली दुभंगून पेरले.
टोमॅटो रंगाच्या बादलीत. तिच्यावर अजून लिहिलंय:
फक्त बाहेरील भिंतींसाठी.
नर्मदेचं पाणी दिवसाआड,
म्हणून तांदळाचं धुवण आता मोरीत जात नाही.
सालं जातात मातीत. कचरागाडीवरचा सुमेर
ओल्याची बादली उचलून विचारतो,
मॅडम, जेवण सोडलं?

पाणी घालण्याआधी बोट खुपसायचं,
दुसऱ्या पेरापर्यंत.
ओलं लागलं तर गप्प बसायचं.
हे सगळ्यात अवघड.

इतक्या वर मधमाश्या येत नाहीत.
सुदामानगरात खालीही फारशा दिसत नाहीत म्हणा.
फुलं यायची नि गळायची.
गेंदाबाई म्हणाली, दहाच्या उन्हात देठाला टिचकी मार.
मारते. पिवळं काही उडतं, किंवा उडाल्यासारखं.
तेवढा वेळ श्वास रोखलेला असतो, माझाच.

काल बोराएवढा एक लागला, हिरवा.
सवयीने मोबाइलचा टॉर्च मागे धरला.
नीट काही दिसलं नाही.
तरी बराच वेळ बघत राहिले.

तेवढ्यात त्याच मोबाइलवर निमिष, आपण होऊन, तीन दिवसांनी:
आई, कोथिंबीर फ्रीजमध्ये काळी पडते गं,
कशात गुंडाळू?
म्हटलं, गुंडाळू नकोस. थांब.
तुझ्या खोलीवर एखादा डबा आहे?
आणि खिळा?